निस्ताराची यादी

कोहमारा बहुतेकांना चौक म्हणूनच माहीत आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. उत्तरेची वाट गोरेगाव-गोंदियाला, दक्षिणेची नवेगावबांध-अर्जुनी मोरगावला. साकोली मागे पडली की कंडक्टर ‘कोहमारा, कोहमारा’ अशी हाळी देतो आणि उतरलेली माणसं दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहतात. चहाच्या टपऱ्या, आलुबोंडे, पंक्चरची दुकानं, रात्रभर जाणारे ट्रक. इथं मुक्कामाला कोणी येत नाही आणि बघायला तर नाहीच नाही. ‘पाहण्यासारखं काय आहे?’ असं विचारलं तर लोक उदारपणे दुसऱ्या गावांची नावं सांगतात. नागझिरा, नवेगाव, प्रतापगड. कोणी जाणता भेटला तर सालेकशाकडचं कचारगड. आपल्या गावाचं नाव त्यात घ्यावं असं कुणाला सुचत नाही.

खरं तर ज्या रस्त्यावर उभं राहून हे उत्तर मिळतं, तो रस्ताच जुना. इंग्रजी अमदानीत नागपूर-भंडारा-रायपूर असा जाणारा हा ग्रेट ईस्टर्न रोड. शेजारच्या तालुक्याच्या गावाला सडक अर्जुनी म्हणतात ते त्याच्यामुळेच. मोरगावची अर्जुनी वेगळी, सडकेवरची वेगळी. आता तो चौपदरी झाला, काठची जुनी झाडं गेली, आणि रस्ता इतका नवा दिसू लागला की त्याला वय आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

इंग्लंडातल्या खेड्यांचा मला हेवा वाटतो तो त्यांच्या अशा गोष्टी लक्षात ठेवण्याच्या सवयीमुळे. १९४७ च्या नगररचना कायद्याने तिथं जुन्या वास्तूंची यादी करण्याची पद्धत पक्की झाली. आज त्या यादीत चार लाखांच्या आसपास नोंदी आहेत. वाडे, किल्ले, चर्चं तर आहेतच. पण रस्त्याकडेचा मैलाचा दगड, घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोणी, गावाचा हातपंप, थडगी, टेलिफोनची लाल खोकी, हेसुद्धा आहे. नोंद झाली की घरमालकालाही आपल्याच घराची खिडकी परवानगीशिवाय बदलता येत नाही. कुणी याला जाच म्हणेल. पण हातपंपाची नोंद राजवाड्याच्या शेजारी करणाऱ्या समाजाने एक गोष्ट ओळखलेली असते: गाव राजांनी कमी आणि पाणी भरणाऱ्यांनी जास्त उभारलेलं असतं.

ही मोजपट्टी कोहमाऱ्याला लावून पाहावी म्हणून मी आधी मामीच्या घरापाशी थांबलो. चौकाच्या गोंगाटाकडे पाठ करून गावात शिरलं की ते घर लागतं. मातीच्या जाड भिंती, पुढं ओसरी, मागं सांदवाडी, वर उतरतं छप्पर. हे घर किती जुनं? सरळ उत्तर मिळत नाही. पुढची भिंत आजोबांच्या वडिलांनी चढवलेली. मागची एका ओल्या पावसाळ्यात बसली, ती मामांनी पुन्हा घातली. आढं त्याही आधीच्या घराचं, म्हणजे घरापेक्षा त्याचं लाकूड जुनं. सारवण परवाचं. छुईचा पांढरा हात दिवाळीतला. यादी करणारा साहेब दारात उभा राहिला असता तर त्याने रकान्यात कोणतं साल लिहिलं असतं?

इथली भिंत एकदा बांधून होत नाही. माती भिजवायची, तिच्यात तणसाचे तुकडे तुडवायचे, एक थर घालायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. हे झालं बांधणं. त्यानंतरचं काम संपतच नाही. पावसाच्या तिरप्या झडीने भिंतीचा पाय खरवडला जातो, तो दसऱ्याच्या आधी पुन्हा लिंपायचा. शेणाने सारवायचं, खाली गेरूचा पट्टा ओढायचा, वर छुई. मृगाच्या आधी छपरावर चढून कवेलू फेरायचे, म्हणजे सगळे उतरवायचे, फुटके वेचायचे, खालची काडी बदलायची, परत रचायचे. हे काम जाणत्याचं. पाय कुठं द्यायचा हे ज्याला ठाऊक नाही तो वर गेला तर दुरुस्तीपेक्षा मोडतोड जास्त.

इंग्लंडातच १८७७ साली विल्यम मॉरिसने जुन्या इमारती जपण्यासाठी एक संस्था काढली. त्या काळी जुनी चर्चं खरवडून ‘मूळ रूपात’ आणण्याची लाट आली होती, तिच्याविरुद्ध त्याचा राग होता. त्याचं म्हणणं साधं होतं: भव्य जीर्णोद्धार करू नका, रोजच्या रोज डागडुजी करा, गळणारं छप्पर वेळेवर बुजवलं की जीर्णोद्धाराची पाळीच येत नाही. तज्ज्ञांना हा विचार पटवायला मॉरिसला जाहीरनामा लिहावा लागला. मामी तो दर वर्षी गेरूने भिंतीवर लिहीत आली, आणि तिला कोणी वारसा-संवर्धक म्हटलं नाही, कारण बाईने भिंत सारवणं हे आपल्याकडे काम म्हणून मोजलंच जात नाही.

तिच्या घरावर आता निम्मे कवेलू आणि निम्मी टिनं आहेत. मी हळहळ दाखवली तेव्हा ती म्हणाली, “माकडायनं कवेलू ठेवलेच नाई, बाबू. आन फेराले मानूस भेटते का आता? टिनं टाकून घेतले.” या तीन वाक्यांत सगळं अर्थशास्त्र आहे. जंगलातून वानरांच्या टोळ्या गावात येतात, छपरावरून पळतात, एका सकाळीत शंभर कवेलूंचा चुरा होतो. फुटलेल्याच्या जागी घालायला नवा देशी कवेलू हवा, तर कुंभाराने भट्टी लावायला हवी. गिऱ्हाईक कमी म्हणून भट्टी बंद, भट्टी बंद म्हणून गिऱ्हाईक टिनाच्या दुकानात. छपरावर चढणारे हात नागपूर-हैदराबादच्या बांधकामांवर गेले. टिनाखाली मे महिन्यात भट्टी पेटते हे मामीला माझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण दुपारी तिथं तीच असते. पण टिन गळत नाही आणि दर वर्षी माणूस मागत नाही. मला तिच्या घराचं रूप आवडतं म्हणून तिने वानरांशी भांडत राहावं, असा आग्रह धरायचा मला काय अधिकार?

घरकुल योजनेतलं घर हीच निवड सरकारी कागदावर करतं. किमान पंचवीस चौरस मीटर, विटा, सिमेंट, वर स्लॅब. ज्यांच्या भिंती दर पावसाळ्यात बसत होत्या त्यांना ते घर मिळालं, हे चांगलंच झालं. खटकतं ते एवढंच, की अनुदानाच्या हिशेबात घर एकदाच बांधायचं असतं. सांभाळण्याचा रकाना त्यात नाही. आपली सगळी योजनाबुद्धी बांधण्यापाशी थांबते.

तलावाशी आलो की ही गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. भंडारा-गोंदियाच्या या मुलखात बघण्यासारखं स्थापत्य जमिनीवर उभं नाही, ते आडवं पसरलेलं आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा-सात हजार जुने तलाव आहेत. सरकारदरबारी त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, बोलण्यात मामा तलाव. कोहमाऱ्याच्या दक्षिणेला नवेगावचा बांध त्यांतला सर्वांत नामांकित. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो घातला असं सांगतात. डोंगरांच्या कड्यात जिथं जिथं फट होती तिथं पाळ घालून पाणी अडवलं, आणि अकरा चौरस किलोमीटरच्या आसपासचा जलाशय उभा राहिला. त्या पाळीवर कोलासूर देवाचं ठाणं आहे. तलाव बांधणारा कोलू पाटीलच देव झाला अशी लोकांची श्रद्धा. इंजिनिअरची पूजा करणारी गावं जगात फार नसावीत. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथं राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून त्यांनी हे पाणी मराठी वाचकांच्या घरात पोचवलं.

पण नवेगावबांध हा अपवाद, मोठा म्हणून प्रसिद्ध. खरी करामत लहान तलावांची आहे. जंगलाच्या उतारावर एक तलाव, त्याचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या बोडीत, आणि शेवटी धानाच्या बांध्यांत. पाळीला तुडूम असते. एकाखाली एक भोकं, त्यांत बुचं. पाण्याची पातळी उतरेल तसं खालचं बूच काढायचं. इथं पाऊस तेराशे मिलिमीटरच्या घरात पडतो, तरी तलाव लागतो, कारण पाऊस धानाच्या वेळापत्रकाने पडत नाही. रोवणी झाली, धान पोटरीत आला आणि हस्त नक्षत्र कोरडं गेलं, की वर्षभराची मेहनत त्या दोन आठवड्यांत जाते. तलाव त्या दोन आठवड्यांसाठी आहे.

कोहळी समाजाचं नाव ऊस आणि तलाव या दोन्हींशी जोडलेलं आहे. काशीकडून गोंड राजांनी त्यांना आणलं, जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन मिळेल असा हुकूम होता, अशा आख्यायिका घरोघर आहेत. त्या सांगताना एक बाजू गाळली जाते. नाव पाटलाचं राहिलं, टोपल्या कुणी वाहिल्या? १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी पक्की करून दिली, त्यानंतर तलावाची दुरुस्ती म्हणजे मालगुजाराचा शब्द आणि गावाची पाठ. पाळीवर माती टाकणाऱ्यांत गोंड होते, ढिवर होते, महार होते. कुणाला धान मिळालं, कुणाला नुसता हुकूम. तलावाचं पाणी ज्यांच्या बांधीत गेलं ते आणि ज्यांच्या घामाने ते अडलं ते, हे दोन गट नेहमी एक नव्हते. जुन्या व्यवस्थेचं गुणगान करणाऱ्याने वेठीचा हा हिशेब पुढे मांडायलाच हवा.

१९५० चा मालगुजारी निर्मूलनाचा कायदा म्हणून न्यायाचा होता. पुढच्या वर्षी मार्चअखेर तो अमलात आला, मालकी हक्क संपले आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला ते बरंच झालं. पण त्याच्याबरोबर पाळीवर माती टाकायची गावाची जबाबदारीही गेली, आणि ती कुणाकडे गेली हे कायद्यात स्पष्ट नव्हतं. आता शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, काठचं जंगल वनखात्याकडे. तुडुमीचं बूच सडलं तर अर्ज कुणाकडे करायचा हे शोधण्यात एक हंगाम जातो. पूर्वी उन्हाळ्यात तलावातला गाळ लोक गाड्या भरभरून शेतात नेत, शेताला खत आणि तलावाला खोली एकदमच मिळे. आता काठावर बेशरम या झुडपाचं रान माजलेलं असतं.

याच तलावांत एक उलटी गोष्टही घडली आहे, आणि ती ज्यांच्या हातून घडली त्यांची नावं जुन्या आख्यायिकांत नाहीत. अर्जुनी मोरगावच्या भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर मासेमारांना बरोबर घेऊन तलाव पुन्हा जिवंत करायचं काम केलं. आधी विचारलं ते म्हाताऱ्या मासेमारांना: पूर्वी या पाण्यात कोणत्या वनस्पती होत्या, कोणती मासळी कुठं अंडी घालायची? मग बेशरम उपटलं, उन्हाळ्यात तळ नांगरला, देशी पाणवनस्पती दुसऱ्या तलावांतून आणून लावल्या. हे काम उचललं ते मोठ्या प्रमाणावर ढिवर बायांनी. देशी मासळी सावरली, पक्षी परतले. या कामात कुणी एक दगडही ‘पूर्ववत’ केला नाही. त्यांनी पूर्ववत केली ती पाण्याच्या तळाशी चालणारी रोजची देवाणघेवाण.

मामांच्या एका जुन्या खटल्याचे कागद चाळताना निस्तार पत्रक हाती आलं आणि माझा इंग्लंडचा हेवा जरा निवळला. यादी आपल्याकडेही होती. निस्तार म्हणजे रोजच्या जगण्यासाठी गावाने गावठाणाबाहेरची जमीन, पाणी आणि झाडोरा वापरण्याचा हक्क. मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेली ही नोंद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ मध्ये विदर्भासाठी आजही आहे, आणि तिच्या जोडीला कलम १६५ चं वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटींची नोंद. या दोन्हींत मिळून काय असतं? गुरं चारायची जागा. आखर, जिथं सकाळी गावची गुरं जमतात. खळं. मढं पुरायची, जाळायची जागा. कोणत्या तलावावर कुणी गुरांना पाणी पाजायचं, कुणी मासे धरायचे. शेतात जायची वाट कुणाच्या धुऱ्यावरून जाते. सरपण कुठून आणायचं. गावच्या नकाशात जे रिकामं दिसतं ते या कागदात माणसांनी गजबजलेलं असतं.

इंग्लंडातली यादी वस्तूंची आहे: हा हातपंप, अमुक सालचा, याला हात लावू नका. आपली यादी वापराची आहे: या तलावावर गावाने गुरं पाजावीत. पहिलीत वस्तू टिकते आणि वापर बदलतो, टेलिफोनच्या खोक्यात आता पुस्तकं ठेवतात. दुसरीत वापर टिकायचा असतो, वस्तू दर वर्षी नव्याने करावी लागते. आपल्या खेड्याचा वारसा दुसऱ्या जातीचा आहे, म्हणून तो वास्तू शोधत आलेल्याला दिसत नाही. दिवाळीनंतरची मंडई घ्या. गावोगाव ती भरते, दंडार होते, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक चालतं, पडदे-झालरींसकट मंच उभा राहतो आणि सकाळी तिथं पुन्हा मोकळं वावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘घेऊन जा गे नारबोद’ असं ओरडत पोरं गावाबाहेर जातात. यांचं संरक्षित स्मारक कसं करणार? पण पुढच्या साली मंडई भरली नाही तर गावाचं काहीतरी पडलं हे सर्वांना कळतं.

आणि निस्तार पत्रक केवळ जुना कागद राहिलेलं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गोंदिया जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काचे दावे केले, तेव्हा पुरावे म्हणून अशाच नोंदी कामी आल्या. आजोबांनी कुठं गुरं चारली हे नातवाच्या जंगलावरच्या हक्काचा आधार ठरतं. इंग्लंडातल्या नोंदवहीने कुणाला परवानगीशिवाय आपली खिडकी बदलू दिली नाही. आमच्या या नोंदीने काही गावांना त्यांचं जंगल परत दिलं.

तरी या यादीत एक कमतरता आहे, आणि ती मामीच्या छपरापासून नवेगावच्या पाळीपर्यंत सगळीकडे तीच. तिच्यात हक्क लिहिले आहेत, कष्ट लिहिलेले नाहीत. तलावावर गुरं पाजायचा हक्क कुणाचा ते आहे. तलावाची पाळ कुणी लिंपायची ते नाही. ते पूर्वी सांगायची गरज नव्हती, कारण जातीने आणि मालगुजाराच्या काठीने ते आधीच ठरवलेलं होतं. काठी मोडली ते योग्यच झालं. पण काठीच्या जागी करार यायला हवा होता, तो आला नाही. म्हणून आता कुठं पाळ फुटते, कुठं छप्पर, आणि आपण म्हणतो, परंपरा संपली. परंपरेला संपायला काही कारण नव्हतं. तिचं काम फुकट करणारी माणसं संपली, इतकंच.

म्हणून कोहमाऱ्यासाठी मला इंग्लंडातल्यासारखी स्मरणाची निळी पाटी नको आणि चौकात शिल्पही नको. ग्रामसभेच्या वहीत निस्ताराच्या जोडीला दुसरी एक यादी हवी. मृगाआधी पाळीवरचं बेशरम काढणं, कामाला इतकी माणसं, मजुरी इतकी, रोजगार हमीत बसतं का पाहा. कवेलू फेरणं येणारी तालुक्यात कोण कोण उरली, त्यांच्या हाताखाली दोन पोरं द्या, पोरांना शिकण्याचे पैसे द्या. कुंभाराला तलावातली माती आणि भट्टीला सरपण निस्तारातून मिळू द्या, आणि घरकुलात ज्याला स्लॅबऐवजी कवेलू हवेत त्याला ते घेता येऊ द्या. सारवणाऱ्या हातांचीही नोंद करा, आणि ती मजुरीच्या रकान्यात. हे वाचून कुणाला वाटेल की वारशाच्या गप्पा मजुरीवर येऊन ठेपल्या. त्या तिथंच यायला हव्या होत्या. वारसा जपायला खर्च येतो असं आपण म्हणतो, तो खर्च एवढाच आहे. फक्त तो दर वर्षी करावा लागतो.